लग्नाची साडी, व्ही.पी.ने

पार्सल परत आलं ते सोमवारी अकराच्या सुमारास, आणि तेही घरी नाही, पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत, माझ्या टेबलावर, जन्ममृत्यूच्या उघड्या रजिस्टरावर. चिंधू पोस्टमन पत्ता वाचतच नाही. कोण कोणत्या वेळी कुठं बसतो हे त्याला पाठ आहे, त्यामुळे घराचा नंबर कितीही मोठा लिहा, डाक येणार ती ऑफिसात, चार जणांच्या देखत. "घ्या साडीवाले," म्हणाला आणि सही घेऊन गेला. मी ज्या कापडात शिवून पाठवलं होतं तेच कापड उलटं करून परत शिवलेलं होतं, गोणपाटाच्या सुईनं, सुतळीनं, आणि माझ्या हातची शाई आतून उलटी दिसत होती. तिकिटं त्यांनी स्वतःच्या खिशातून लावली होती. माणसाचा राग किती खरा आहे हे तो पदरचा खर्च करतो की नाही त्यावरून कळतं. हातानं चाचपलं तर आत एकच साडी होती. मी पाठवल्या होत्या दोन. शिवणीत खोचलेलं पोस्टकार्ड तिथंच वाचलं, हे चुकलंच, कारण समोरचे यशवंतराव हेडक्लार्क माझ्या तोंडाकडे बघत होते आणि माझं तोंड मला कधीच आवरता येत नाही. कार्डावर लिहिलं होतं: 'देवीदास ब्रदर्स यांस. लग्नाची साडी म्हणून पांढरी पाठवता. आमच्या घरी लग्न होतं, मयत नव्हती. पुन्हा कोणाशी असं करू नका.' खाली भगवंतराव एवढीच सही, आणि सौंसरजवळच्या त्यांच्या गावाचं नाव.

पहिल्यांदा मला काही समजलंच नाही, हे आज सांगायला लाज वाटते. पांढरी पाठवता म्हणजे काय? लग्नाची साडी आणखी कोणती असते? हा प्रश्न मी खरोखर मनात विचारला, आणि तो पूर्ण व्हायच्या आत माझे कान तापले. मी काही जंगलात वाढलो नाही. बाजारात पांढऱ्या पातळातल्या बाया मी रोज बघतो, त्या कोण हे मला ठाऊक आहे. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या पोराची आई नवरा गेल्यावर पांढऱ्यात दिसायला लागली हेही मला आठवतं. पण ते एका खोलीत आणि माझ्या घरची लग्नं दुसऱ्या खोलीत, आणि मधलं दार मी कधी उघडलंच नव्हतं. आमच्या गल्लीत लग्न म्हणजे पांढरं. लग्नात शोभा माझ्यासमोर उभी राहिली ती बाबांनी विणलेल्या पांढऱ्या साडीत, निळ्या काठाची, आणि मीही पांढऱ्यात. फोटोत आमचे चेहरे सावळे आणि बाकी सगळा उजेड आला आहे. बुद्धवंदनेला पांढरं, चौदा एप्रिलला पांढरं. त्यामुळे मागच्या वर्षी नागपूरच्या पेपरात जाहिरात लिहिताना मी सूत लिहिलं, काठ लिहिला, लांबी लिहिली, हातमाग लिहिला, घरपोच लिहिलं, आणि रंग लिहिला नाही. मीठ खारट असतं हे कोणी पुडीवर लिहीत नाही, तसा लिहिला नाही. पुरता ठोंब्या आहे मी, दुसरं काय.

देवीदास म्हणजे मी, ब्रदर्स कोणीच नाहीत. मला भाऊ नाही. ते नाव स्टेशनाजवळ पेपरची एजन्सी चालवणाऱ्या प्रभाकरनं सुचवलं, आणि मी ते लगेच उचललं, कारण त्यात आडनाव नव्हतं. देवीदास कोणीही असू शकतो. खरं सांगायचं तर सगळ्या खटाटोपात मला आवडलेली गोष्ट हीच होती. बाबा खांद्यावर गठ्ठा टाकून सौंसरच्या बाजारात बसायचे तेव्हा मी सोबत असे. गिऱ्हाईक आधी कापड चोळून बघे, मान डोलावे, मग गाव विचारे, मग गावातली बाजू विचारे, आणि बाजू कळली की त्याच सुतात त्याला गाठी दिसायला लागत. आठ-नऊ वर्षांचा मी त्या गाठी शोधत बसे आणि मला एकही सापडत नसे. टपालात ही भानगडच नाही. पार्सलाला तोंड नसतं. ज्याला हवं तो कार्ड टाकतो, डाकवाला व्ही.पी. दारात नेऊन देतो, तिथंच पैसे घेतो, मनिऑर्डर येते, आणि मधे कोणी कोणाला तुम्ही कुठले म्हणत नाही. मला वाटलं होतं की मी मोठी युक्ती काढली.

वर्षभरात तीसेक पत्रं आली आणि ती सगळी मी जपून ठेवली आहेत. रात्रंदिवस गिऱ्हाईक ओळखायचा नाद मला लागला होता. वर 'जयभीम' असलेली पत्रं सोपी. ती माणसं मला दिसत, त्यांचा मांडवही दिसे. पण काही पत्रांच्या डोक्यावर 'श्री' असे, आणि ती आली की मी शोभाला दोनदा वाचून दाखवी. ती म्हणायची, एवढं काय त्यात, साडी ती साडी. मी म्हणायचो तुला धंद्यातलं कळत नाही. अशी सात पत्रं आली होती. सातही ठिकाणी साड्या गेल्या, पैसे आले, आणि त्यातलं एकही घर पुन्हा बोललं नाही. मी समजत होतो, समाधान झालेलं गिऱ्हाईक कशाला लिहील. त्या सोमवारी रजिस्टरासमोर बसून मला ती सात घरं एकेक करून दिसली. पार्सल उघडलं जातं, बाया जमलेल्या असतात, आणि कोणीतरी घाईघाईनं ते परत झाकून टाकतं. सहा घरांनी पदरात पडलं म्हणून गिळलं. सातव्यानं कार्ड लिहिलं. म्हणजे भगवंतराव त्यातल्या त्यात भला माणूस निघाला, या विचारानं तर माझं डोकं आणखीच उठलं.

प्रभाकरला सांगितलं तर तो हसला. हसण्यावर माझा आक्षेप नव्हता, पण तो उपाय सांगायला लागला. लग्नसराईची जाहिरात पुढच्या सोमवारपर्यंत द्यायची होती, तीत एक शब्द वाढव म्हणाला, पांढरी, संपलं. मी त्याला समजावत राहिलो की तो एक शब्द नाही. लग्नाची पांढरी साडी म्हटलं की वाचणाऱ्याला विणणाऱ्याचं घर, घराची बाजू, सगळं दिसलं. मग टपालाचा उपयोग काय? बाजारात गठ्ठा घेऊन बसलेलं काय वाईट? तो पेपरांचे गठ्ठे बांधत ऐकत होता.

"तू साडी विकून राह्यला का लपून राह्यला, ते एकदा ठरव," तो म्हणाला.

याला उत्तर देता आलं असतं. जो कधी लपला नाही त्याला लपण्यावर बोलायला काय जातं, असं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो नाही, कारण पेपराला जाहिरात तोच पाठवतो. घरी येऊन शोभावर चिडलो, जेवण खारट आहे म्हणालो, ते नव्हतं.

पण खरी अडचण पेपराची नव्हती. खरी अडचण मोहगावला मागावर बसली होती. माझा बाप, गुलाब, वय पासष्टच्या पुढं, आणि आमच्या गल्लीत चालणारा शेवटचा माग त्याचा. बाकीच्यांनी मागाच्या लाकडाच्या खाटा केल्या. बाबांना वाचता येत नाही. दर रविवारी मी जातो आणि त्यांना गिऱ्हाइकांची पत्रं वाचून दाखवतो, आणि ते मागाच्या खड्ड्यात पाय सोडून, धोटा मांडीवर ठेवून ऐकतात. बुलढाण्याच्या मास्तरची पोरगी, बैतूलची नर्स, सगळ्या त्यांना पाठ. नेसणारी कोण हे समजलं की हात चालते, असं त्यांचं म्हणणं. आणि भगवंतरावांच्या पत्रानं तर ते पंधरा दिवस हवेत होते. संत्र्याच्या बगीच्यांचं मोठं घर, एकुलती पोरगी, सरला नावाची, आणि तिच्या लग्नाला साड्या दोन, त्याही आपल्या. त्या दोन साड्या त्यांनी इतक्या सावकाश विणल्या की मला प्रभाकरसमोर सबबी सांगाव्या लागल्या. पदराच्या शेवटी ते नेहमी एकच पिवळा धागा टाकतात, ओळखीचा. या दोन्हींच्या पदरात तो त्यांनी चष्मा लावून टाकला. लग्न माघात होऊन गेलं. तेव्हापासून दर रविवारी एकच प्रश्न, त्या नवरीचं काही आलं का. मागच्या रविवारी मागावरचा उभ्या सुताचा ताणा संपत आला होता. म्हणाले, नवा ताणा लावायला आता कंबर मोडते, पण तिचं चांगलं आलं तर लावतो, नाही तर हाही माग खोलून टाकू. हे ते हसत म्हणाले, आणि मी ओळखलं की ते ठरवून म्हणाले. आणि आता माझ्या पिशवीत ते कार्ड होतं. आमच्या घरी मयत नव्हती. हे त्यांना वाचून दाखवू?

म्हणून शनिवारी रजा टाकून मी सौंसरच्या बसमध्ये बसलो. कशासाठी, हे नीट सांगता आलं नसतं. परत आलेल्या साडीचे पैसे द्यायचे, दुसरीचं काय झालं विचारायचं, माफी मागायची, असं काहीतरी. आणि आतून असं की एक तरी बरा शब्द घेऊन यायचा, रविवारी वाचण्यासारखा. शनिवार असल्यामुळे बस जामसांवलीच्या मारुतीच्या भक्तांनी भरलेली, नारळाच्या पिशव्या माझ्या गुडघ्यांवर. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तोंडघशी पडत होतो. चूक कबूल करायची म्हटलं तर काय म्हणायचं? पांढरं पाठवलं ही चूक? माझ्या आईचं लग्न, माझं लग्न, ही चूक? नाही, रंग लिहिला नाही ही चूक. पण रंग का नाही लिहिला हे सांगायचं तर मग सगळंच सांगावं लागतं. गेल्या वर्षभरात मी ज्यांना पत्रातून ओळखायला बघत होतो त्यांच्यापैकी एकाच्याही दारात कधी गेलो नव्हतो, आणि हे माझ्या लक्षात येईपर्यंत सौंसर आलं. तिथून पुढं चालत निघालो.

घर रस्त्यालाच होतं. ओसरीवर संत्र्यांच्या पेट्या, मागे बगीचा, मृग बहाराचा माल उतरत होता. हाक मारली तर एक बाई बाहेर आली, चाळिशीची असेल, आणि मी पिशवी खाली ठेवायचं विसरलो. पांढरी साडी, निळा काठ. पदराच्या टोकाला पिवळा धागा. मी साडीवाला, पांढुर्ण्याहून आलो, एवढं कसंबसं बोललो. ती गडबडली नाही. भाऊजी बगीच्यात आहेत, बसा म्हणाली, पाणी दिलं आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. ती कलाबाई, भगवंतरावांच्या गेलेल्या मोठ्या भावाची बायको. पार्सल उघडल्यावर घरात काय झालं ते तिनं सरळ सांगून टाकलं, जसं काही दुसऱ्याच्या घरचं. सरलाची आई रडली, भाऊजी ओरडले, दोन्ही परत पाठवा म्हणाले, आणि मग हिच्याकडे बघून म्हणाले, एक राहू द्या, वहिनीच्या कामाची आहे. लग्नाच्या दिवशी ती नेसून ही मागच्या खोलीत बसली होती. मंडपात तिला यायचं नव्हतं, म्हणजे येऊ द्यायचं नव्हतं. शेजारपाजारच्या घरांत अशी बाई दुसरा पाट लावून मोकळी होते. मोठ्या घरात ते चालत नाही.

"तेरा वर्सं झाले," ती म्हणाली. "येवढं मऊ सूत अंगाले लागलं नाही. पन एक सांगा जी, ह्या साडीत लगन करते कोन?"

हा प्रश्न तिनं कुत्सितपणे विचारला असता तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आम्ही करतो जी," मी म्हणालो. "आमच्यात नवरी पांढरंच नेसते. माझी बायको अशीच साडी नेसून लग्नाला उभी राहिली. ही माझ्या बापानं विणली. गुलाब त्याचं नाव. मोहगावचा."

वर्षभर ज्या गोष्टीपासून मी अंग चोरत होतो ती एका दमात बोलून झाली आणि काहीच कोसळलं नाही. मागे कुठं तरी पेटीला खिळे ठोकणं चालू होतं ते चालूच राहिलं. कलाबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं. त्यांना माझी बाजू कळली होती, ते मी डोळ्यांत बघितलं. आमच्या लोकांना ते बघायची सवय असते. आता त्या मी पाणी प्यायलेल्या पेल्याकडे बघतील असं मला वाटलं. पण त्या साडीकडेच बघत होत्या.

"मंग तं मी नवरीचं नेसून राह्यली," त्या म्हणाल्या.

त्या हसल्या नाहीत. पदर डोक्यावरून नीट घेतला, निऱ्यांवरून हात फिरवला, आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग आवाज खाली करून म्हणाल्या की आणखी दोन पाठवजा, पैसे माझे मी देईन, पण भाऊजींना सांगू नका. मी विचारलं, काय सांगू नको, साडी नवरीची ते, की मोहगावचं. त्यांनी बगीच्याच्या बाजूला बघून घेतलं.

"दोनी," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात भगवंतराव आले. कार्डावरून मी जो माणूस मनात उभा केला होता तो हा नव्हताच. घामेजलेला, हसरा, हातात माझ्यासाठी चार संत्री. राग कधीच उतरला होता. पैसे घेईनात, पेपरात रंग लिहीत जा भाऊ, एवढंच म्हणाले, लग्नघरी फजिती होते. मी हो हो म्हणत होतो. मग ते दाराकडे वळून म्हणाले, कपडा मात्र एक नंबर आहे, आणि मला विचारलं, "विनते कोन हे?" कलाबाई चौकटीतच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. वर्षानुवर्षं हा प्रश्न कोणी सरळ मनानं विचारावा म्हणून मी वाट बघितली होती, तो आता एका चांगल्या माणसानं, कापडावर खूष होऊन विचारला होता.

"माल बाहेरून येते जी," मी म्हणालो.

परतीच्या बसमध्ये मला स्वतःला चपलेनं मारावंसं वाटत होतं. तिच्यासाठी बोललो, असं मी स्वतःला सांगत होतो. ती साडी तिच्या अंगावरून उतरवली गेली असती, कदाचित जाळली गेली असती, हे खरं. पण त्याच क्षणी डोक्यात आणखी दोन साड्यांची ऑर्डरही होती, हेही खरं. आणि त्याहून आत, बाजारात गाठी शोधणाऱ्या त्या पोरालाही गप्प बसायचं होतं, ही तिसरी गोष्ट. तिन्ही एकाच वेळी खरी, आणि मला एकीवरही नीट राग धरता येईना. ती चार संत्री मी बसमध्येच वाटून टाकली.

रविवारी मोहगावला गेलो. बाबा मागावर बसलेले, ताण्याचा शेवटचा हातभर भाग उरलेला. पत्र आणलं का, त्यांनी विचारलं. मी म्हणालो पत्र नाही, स्वतः जाऊन आलो. आणि मग सगळं सांगितलं, कारण बसमधला संताप अजून शिल्लक होता आणि तो खोटं बोलायला उपयोगी पडत नाही. नवरीनं नेसली नाही. एक परत आली, पिशवीत आहे. दुसरी तिच्या विधवा काकूनं नेसली, आणि ती दोन आणखी मागते. बाबा ऐकत होते. मधे एकदाच त्यांनी पायाखालची पट्टी दाबली आणि सोडली.

"माहं नाव सांगतलं का?"

"तिला सांगितलं."

"आन त्याईले?"

मी नाही म्हणालो. का नाही तेही सांगायला लागलो, तर त्यांनी हातानं थांबवलं. परत आलेली साडी मागितली, पिशवीतून काढून काठ दोन बोटांत चोळून बघितला, घडी केली आणि शोभाला दे म्हणाले. मग मांडीवरचा धोटा उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं संपलं. मनात मी मागाची लाकडं मोजायला लागलो होतो.

"पेपरात लिव," ते म्हणाले. "पांढरं लिव, माहं नाव लिव, मोहगाव लिव. पन आत्ता नको. पयले त्या बाईच्या दोन जाऊ दे. तिच्या हातात पडल्या का मंग लिव."

मी म्हणालो, बाबा, जाहिरात उद्याच द्यायची आहे. दोन साड्या व्हायला, पोचायला महिना जाईल, लग्नसराई निघून जाईल, मग पावसाळ्यात पांढरी साडी घेणार कोण. हे मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. मला समजेना की या माणसाला धंदा कोणत्या भाषेत समजावायचा.

"जाऊ दे ना सराई," ते म्हणाले, आणि नव्या ताण्याचं सूत कोपऱ्यातून खाली काढायला मला खुणेनं सांगितलं. मी गठ्ठा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा पुसला. मग विचारलं, ती बाई उंचीनं कशी आहे, उंचपुरी की ठेंगणी, म्हणजे पन्हा किती धरायचा ते ठरवता येईल.

मी तोंड उघडलं. काठ मला आठवत होता, पिवळा धागा आठवत होता, पाण्याचा पेला आठवत होता, मी काय बोललो आणि काय नाही बोललो ते सगळं शब्दानं शब्द आठवत होतं. बाई माझ्यासमोर अर्धा तास उभी होती आणि मला तिची उंची सांगता येईना.